लंबूचा कोट

बाबांनी कप भिंतीवर फेकला तेव्हा छकुली पाळण्यात होती. कपाचा एक तुकडा उडून तिच्या दुपट्यावर पडला, गालापासून चार बोटांवर. ती रडलीसुद्धा नाही. ते पांढरं काहीतरी पकडायला तिने मूठ उघडली आणि मी झडप घातली.

बाबा टेबलाची कड धरून उभे होते. पाठीत कळ आली की हाताला लागेल ते ते फेकतात. कळ ओसरली की स्वतःच तुकडे गोळा करायला खाली बसू बघतात, पण गुडघे वाकत नाहीत.

"लागलं का तिला?"

"नाही."

"दाखव."

दाखवली. त्यांनी तिच्या गालावरून उलटं बोट फिरवलं. बोटाला चहा लागलेला होता, तो तिच्या गालाला लागला.

लढाईतला लोखंडाचा तुकडा त्यांच्या मणक्यापाशी इतकी वर्षं निपचित पडून होता. आता सरकायला लागला होता. काढला नाही तर दोन्ही पाय जातील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. असलं ऑपरेशन फक्त सैनिकी इस्पितळात होत होतं, आणि तिथे खाट मिळायला जखम सेवेच्या नोंदीत असावी लागते. बाबांच्या नोंदीत जखम नव्हती. जखमेचं पदक नव्हतं, शौर्याचंही नव्हतं. दोन्ही पदकं लंबूच्या, म्हणजे त्यांच्या पलटणीतल्या दोस्ताच्या नोंदीत होती, आणि लंबू त्याच लढाईत मेला होता.

घोळ कोटाचा होता. त्यांच्या पलटणीत नंबर कोटाच्या कॉलरला आतून शिवलेला असे. बेशुद्ध माणूस आला की स्ट्रेचरवाले कॉलर उलटून नंबर लिहून घेत. बाबांच्या अंगात लंबूचा कोट होता. कित्येक आठवड्यांनी शुद्धीवर येऊन त्यांनी स्वतःचा नंबर सांगेपर्यंत पदकं लंबूच्या घरी पोचलीसुद्धा होती. मेलेल्याच्या दारात जाऊन काय मागायचं, म्हणून ते गप्प बसले.

"पण त्याचा कोट तुमच्या अंगात कसा?" मी एकदा विचारलं होतं.

"थंडी होती," एवढंच म्हणाले.

रेकॉर्ड ऑफिसातला कारकून तसा भला होता. "तुमचं खरं असेल हो, पण मयताच्या नावावरून पदक काढायचं तर साक्षीदार लागतो, नाहीतर घरच्यांची सही."

"साक्षीदार सगळे लंबूच्या शेजारीच पुरलेत," बाबा म्हणाले. "खणून आणू का?"

त्या सकाळी मी कपाचे तुकडे झाडले, छकुलीला झोळीत बांधलं आणि बाबांना म्हटलं, "चला. आज सही आणू."

लंबूची बायको शिवणकाम करायची. रस्त्यालगतची एकच खोली, तिच्यात दोन मशिनं, मधे कापायचं लांब टेबल, त्यावर खडू, कात्री, कापड मोजायचा लाकडी गज. समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत दोन पदकं. बाई काटक होती. तोंडातल्या टाचण्या काढून तिने आमच्याकडे पाहिलं.

"मी लंबूबरोबर होतो," बाबा म्हणाले. "मला गिड्डा म्हणायचे."

तिचा चेहरा उजळला. "पत्रात असायचे की तुम्ही. 'गिड्ड्याने माझे मोजे पळवले.' तुम्हीच का ते?"

"मीच. पण भोक पडलेले होते हो ते, वहिनी."

"बसा भावजी. इतकी वर्षं रस्ता सापडला नाही वाटतं? आणि ही नात? आजोबांच्या नाकावर गेलीय, बिचारी."

बाबांनी कागद टेबलावर ठेवला. तिने वाचला, पुन्हा वाचला, आणि हळूच भिंतीकडे पाहिलं.

"त्यांनी खिंडार राखलं म्हणून आलंय ते. एकट्याने, सकाळपर्यंत. साहेबाचं पत्र आहे माझ्याकडे."

"राखलं मी," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू जरा बाहेर जा, पोरी."

"थांबू दे तिला," बाई म्हणाली. "मला एकटीला ऐकायचं नाही."

बाबा टेबलाच्या कडेला बोलत होते, आमच्याशी नाही. एक गोदाम होतं. भिंतीला माणूस आत येईल एवढं खिंडार. संध्याकाळी पहिला हातबाँब आत पडला तो लंबूच्या पायात. पोटापासून खाली काही राहिलं नाही. तो ओरडलासुद्धा नाही, नुसता बाबांकडे बघत राहिला आणि मग बघायचा थांबला. उरलेले दोघे खिडकीत गेले, एक कपाळात गोळी लागून, दुसरा गळ्यात. दुसऱ्याला वेळ लागला.

"वाळूची पोती फुटली होती. खिंडार अर्धं उघडं होतं. मग मी लंबूला उचलला आणि त्यात बसवला."

बाईने हातातल्या टाचण्या एकेक करून टेबलावर ठेवल्या.

"त्याच्या खांद्यावर बंदूक टेकवून मी रात्रभर गोळ्या झाडल्या. समोरच्या गोळ्या त्याच्यात शिरत होत्या. ओल्या गादीवर काठी मारल्यासारखा आवाज. प्रत्येक वेळी मान हलायची त्याची, नको नको म्हणत असल्यासारखी. एक पोरगा त्याच्यावरून चढून आत आला. माझी बंदूक अडकली होती. मी फावड्याने मारलं त्याला. आधी तोंडावर, मग तोंड उरलं नाही तरी मारत होतो."

छकुलीने माझं बोट चोखायला घेतलं होतं. मी तिचे कान झाकले. वेड्यासारखं, तिला काय कळणार होतं.

"आणि कोट?" बाईने विचारलं.

"पहाटे हातपाय चालेनात. गारठलो असतो तर समोरचे आत आले असते. त्याच्या कोटाला भोकं पडली होती, पण वरून जाड होता. डावीकडे आत एक जास्तीचा खिसा होता, निळ्या दोऱ्याचा."

"मी शिवला होता."

"पण लंबू ताठला होता. उजवा हात बाहीतून निघेना. मोडावा लागला. गुडघा लावून."

गज तिने कधी उचलला ते मला दिसलं नाही. पहिला फटका बाबांच्या कानावर बसला, दुसरा खांद्यावर. "माझ्या माणसाचा हात," ती म्हणत होती, ओरडत नव्हती, दातांतून म्हणत होती, "हात मोडलास तू, हात." मी मधे गेले तर बाबांनी मला मागे ढकललं. "बाळ आहे तुझ्या अंगावर. मागे हो." त्यांनी हात वर केले नाहीत. तिसरा फटका पाठीवर बसला, नेमका त्या जागी. बाबांच्या तोंडून जो आवाज आला तो मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ते खुर्चीसकट खाली गेले. गज टेबलाच्या कडेवर आपटून मोडला तेव्हाच ती थांबली. हातात राहिलेल्या तुकड्याकडे बघत उभी राहिली.

छकुली आता किंचाळत होती. मी जमिनीवरच बसले आणि तिला पदराखाली घेतलं. दुसऱ्या हाताने बाबांचं डोकं मांडीवर ओढलं. एका बाजूला दूध, एका बाजूला रक्त. दोघं हळूहळू शांत झाली, आधी ती, मग ते.

बाईने फडका ओला केला आणि आमच्यापाशी बसली. बाबांचा कान पुसला, मग सदरा वर करून पाठीवर तळवा फिरवला, कापडाखालची टाचणी शोधावी तसा. एका जागी थांबली.

"हे?"

"हो."

ती उठली. चौकट खाली उतरवली, कात्रीच्या टोकाने मागचे खिळे उचकटले. जखमेचं पदक काढून बाबांच्या तळहातावर ठेवलं. मग कागद घेतला, खालच्या जागेवर कात्री धरणाऱ्या हाताने रेघोट्यांसारखी सही केली.

"दुसरं?" ती म्हणाली. ते तिच्या मुठीत होतं.

बाबांनी नकारार्थी मान हलवली. "ते खोडा कागदातून. खिंडार त्यानेच बुजवलं होतं."

"मेल्यावर."

"मेल्यावर. पण मी सुटलो ते त्याच्याचमुळे."

तिने दुसऱ्या पदकाच्या नावावर काट मारली, खडूची रेघ मारावी तशी, एका झटक्यात. आम्ही दोघींनी मिळून बाबांना खुर्चीत बसवलं. डावा पाय त्यांना उचलता येईना, तो तिनेच उचलून आत घेतला.

"जायच्या आधी काय बोलले ते?" तिने विचारलं. "त्या संध्याकाळी. शेवटचं."

"शिवी दिली मला."

"काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरीसमोर नको."

"तिला लेकरू झालंय, भावजी. सांगा."

"मी त्याचा चहाचा मग उलटा केला होता चुकून. म्हणाला, 'उसवल्या तोंडाच्या मुडद्या, तुला कोणी टाके घालेल का रे?'"

बाईने फडका पिळता पिळता तसाच धरला.

"ही शिवी माझी आहे," ती म्हणाली. "मशीन अडलं की मी मशीनला म्हणते."