न्हाणीघराची कडी

केदारखेड्याच्या त्या घराण्यात भुजंगरावांचे आबाराव झाले, आबारावांचे कल्याण, आणि कल्याणचा हा अंगद. आधीच्या तिघांची आंघोळ चार तांब्यांत उरकत असे. साडेतीन वर्षांच्या अंगदची आंघोळ झाली, की न्हाणीघर पुसण्यात आईची सकाळ सरे. साबणाची वडी तो पिण्याच्या माठात सोडी, बादलीत अंगणातली माती कालवी, आणि ओल्या अंगाने थेट गाद्यांवर जाऊन लोळे.

"आजपासून त्याची आंघोळ माझ्याकडे," आबारावांच्या पत्नी दुर्गाबाई यांनी सुनेला बजावले. "वळण कसं लावतात ते बघ जरा."

आकांक्षा शाळेत शिकवायला निघाली होती. चपला घालता घालता ती म्हणाली, "आत्याबाई, तो रॉड तेवढा जपून. जुना झालाय, पाण्याला झटका येतो. आधी बटण बंद, मंग बादलीला हात."

"चाळीस माणसांचं पाणी तापवलंय मी. मला नको शिकवू."

त्यांनी स्टीलच्या बादलीत रॉड सोडला, आरशाशेजारचे बटण दाबले, आणि पाच मिनिटांत लाईट गेली. बटण त्यांनी तसेच ठेवले. लाईटच नाही तर बटण कशाला बंद करायचे, असा त्यांचा हिशेब होता. शेजारची सगुणाबाई विरजण मागायला आली, म्हणून त्या ओसरीत आल्या. बोलणे लांबले.

तेवढ्यात आतून कडी लागल्याचा आवाज आला. पाठोपाठ पाणी डुचमळले.

दुर्गाबाईंच्या हातातली विरजणाची वाटी खाली पडली. त्या धावत न्हाणीघराच्या दाराशी गेल्या. दार आतून बंद होते.

"अंग्या! काय करून राह्यला रे आत?"

"टॅक्टर धुऊन राह्यलो."

"कशात?"

"बादलीत. लई घाण झालाय."

बटण आत होते, चालू होते, आणि लाईट कोणत्या क्षणी येईल याचा नेम नव्हता. "बाहेर हो आधी! बडवीन हं!" त्या ओरडल्या. उत्तरादाखल पाणी अधिकच जोरात उसळले. मार चुकवायला पोर बादलीच्या मागे दडले होते, हे त्यांनी आवाजावरून ओळखले. उभ्या आयुष्यात ज्या आवाजाने माणसे हलवली, तोच आवाज नातवाला बादलीकडे ढकलत होता.

"सगुणे, ओसरीतला मेन! दाराच्या वर. माझा हात पुरत न्हाई. जल्दी कर!"

"फ्यूज काढू का?"

"काढ, उपट, काय वाटेल ते कर!"

सगुणाबाई धान्याची कोठी ओढू लागली. कोठी भरलेली होती. ती जागची हलेना, तशी सगुणाबाई स्टूल आणायला धावली. दुर्गाबाईंनी कपाळ दाराला टेकवले आणि कधी नव्हे तो आवाज खाली आणला. "अंगदराव, टॅक्टर मला दाखवा की. बघू तरी कसा धुतला."

"थांब ना आजी. चाक राह्यलंय."

वाट पाहण्याच्या त्या घडीत त्यांना गेली संक्रांत आठवली. हळदीकुंकवाला अकरा बायका बसल्या होत्या. याच न्हाणीघरातली कळशी अंगदच्या कपाळावर पडली, आणि दुर्गाबाई सर्वांदेखत म्हणाल्या होत्या, "आईचं लक्ष मोबाइलात, पोराचं काय व्हायचं?" कळशी कट्ट्याच्या कडेला त्यांनी स्वतः ठेवली होती. आकांक्षा लेकराचे कपाळ दाबून धरून बसली. ते देणे तसेच राहिले होते. आता आत काही झाले, तर बोट दाखवायला दुसरे कोणी नव्हते.

आणि कोपऱ्यावरची पिठाची गिरणी सुरू झाली.

लाईट आली होती. ओसरीत काहीतरी धाडकन पडले. आतले पाण्याचे आवाज थांबले. दुर्गाबाईंनी दाराला कान लावला. गिरणी तेवढी घरघरत राहिली.

"आजी," आतून रागावलेला आवाज आला, "पाणी गारच हाय की!"

कडी निघाली. दारात अंगद उभा होता, नखशिखांत चिंब. त्याने हातातला तांब्या सवयीप्रमाणे आजीच्या अंगावर रिकामा केला. दुर्गाबाईंनी त्याला उचलून इतके घट्ट धरले, की तो रडू लागला. मागून सगुणाबाई कोपर चोळत आली; मुठीत फ्यूज होता.

"काढला वो काकू! स्टुलावरून पडले, पर लाईट यायच्या आधी काढला."

दुपारी आकांक्षा परतली. दुर्गाबाईंनी काहीही न लपवता सगळे सांगितले. सुनेचा चेहरा पांढरा पडला. तिने मुलाला मांडीवर घेतले आणि त्याची बोटे एकेक करून पाहिली.

"पदर घे," दुर्गाबाई म्हणाल्या. "आपल्याला जायचंय."

दारोदार त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "संक्रांतीला कळशी मी ठेवली होती. सुनेवर खोटा आळ घेतला. आणि आज बटण चालू ठेवलं, तेही मीच." पहिल्या घरी आवाज कापला, पुढे कापला नाही. दिवेलागणीपर्यंत दहा घरे झाली.

"आत्याबाई, बस झालं आता," आकांक्षा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"बस कसं? अकरा होत्या. गिरिजाबाई वाटूरला लेकीकडं गेलीय. लाव फोन."

फोन लागला. दुर्गाबाईंनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सारे पुन्हा सांगितले, आणि फोन सुनेच्या हाती परत दिला.

"आता एकही राहिली नाही," त्या म्हणाल्या.