एक एप्रिलला घरात दोघं

नोरीन वाव्ह्रा मे महिन्यातल्या एका मंगळवारी माझ्या दारात आली. एका हातात रुबार्बची आंबटगोड पाई, दुसऱ्या हातात जनगणनेचे कागद, गळ्यात सरकारी ओळखपत्र. प्रुइटमध्ये तिला ओळखपत्राची काय गरज? छत्तीस वर्षं शाळेची बस तीच चालवते. गावातल्या निम्म्या लोकांची नाकं तिनं पुसली आहेत.

“बस,” मी म्हणालो. “कॉफी टाकतो.”

“नको रे, अजून अकरा घरं आहेत. तुझं मी लिहून आणलंय. फोन नंबर तेवढा बघून घे.”

मी कागद घेतला. घरातली माणसं, एक. खाली माझं नाव, एल्डन कोल्टरमन, वय चौऱ्याहत्तर. पुढच्या ओळी कोऱ्या.

“दोन,” मी म्हणालो.

“काय?”

“घरात दोन माणसं. दोन लिही.”

तिनं पाई टेबलावर ठेवली. “एल्डन, मी दफनाला होते. सँडविचं मी केली होती.”

“माहीत आहे. हॅम कमी पडलं होतं.”

तिला हसू आलं नाही. आजारी माणसाच्या दंडावर ठेवतात तसा तिनं माझ्या दंडावर हात ठेवला, उद्या येते म्हणाली आणि निघून गेली. पाई तिथंच राहिली.

माझी बायको आर्डिस दोन एप्रिलला गेली. गुड फ्रायडे होता, सकाळचे दहा वाजले होते. आदल्या दिवशी, म्हणजे एक तारखेला, ती पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर होती. दुपारी तिनं मला विचारलं, “फॉर्म भरलास?”

“उद्या भरतो.”

“उद्या नाही. तारीख आजची आहे.”

मी हो म्हणालो आणि भरला नाही. तिची कूस बदलायची होती, औषधाची वेळ झाली होती. नंतर तो फॉर्म साखरेच्या भांड्याखाली पडून राहिला. मला तो उघडवत नव्हता. टपालानं फॉर्म परत गेला नाही की सरकार माणूस पाठवतं. म्हणून नोरीन आली होती.

आर्डिस एकतीस वर्षं गावाची कारकून होती. पोस्टाच्या भिंतीवर गावाच्या माहितीचा कागद आहे, तो तिनंच टाइप केलेला. वसाहत १८८७. रेल्वे आली ते साल, गेली ते साल. शाळा बंद १९८६. एक चर्च, एक धान्याचं कोठार, शुक्रवारी उघडणारा एक बार. शेवटच्या ओळीत लोकसंख्या. ती ओळ दहा वर्षांनी एकदाच बदलायची. कुणी ‘साठेक असतील’ म्हणालं की आर्डिस त्याच्याकडे अशी बघायची, जणू त्यानं चर्चमध्ये शिवी दिली आहे.

१९८० साली गावाची मोजणी तिनंच केली होती. तिचे वडील एकतीस मार्चला वारले. माझ्या सासूबाई, म्हणजे तिची आई, म्हणाल्या, “एका दिवसानं काय होतं? लिही त्यांना. कोण बघणार आहे?” आर्डिसनं लिहिलं नाही. मका कापणीला येईपर्यंत सासूबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. तेव्हा मीसुद्धा तिला म्हणालो होतो, लिहून टाक गं. तिनं मलाही ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोठारावर गेलो. तिथं कॉफीचं टेबल आहे, रोजची सहा-सात माणसं बसतात. लाइल पेत्स्का होता. तो गावाच्या पंचायतीचा अध्यक्ष.

“ये एल्डन. डोनट घे,” तो म्हणाला. गाईला सुई टोचायच्या आधी तो ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात. म्हणजे नोरीननं सांगितलं होतं.

“बोल काय ते,” मी म्हणालो.

“काही नाही रे. होतं असं. बाबा गेल्यावर आमच्या आईनं वर्षभर त्यांचं ताट मांडलं.”

“मी ताट मांडत नाही. मी फॉर्म भरतोय.”

“गेलेली माणसं मोजत नाहीत, एल्डन.”

मी खिशातून तो साखरेच्या भांड्याखालचा फॉर्म काढला. रात्रभर टाळून सकाळी एकदाचा उघडला होता. मोठ्यानं वाचला. “एक एप्रिल रोजी या घरात किती माणसं राहत होती?” मग म्हणालो, “एक एप्रिलला तिनं माझं सूप परत पाठवलं आणि मला आळशी म्हणाली. तेवढी जिवंत पुरे ना?”

लाइलनं फॉर्म घेतला, चष्मा लावून वाचला, परत दिला.

“बरं,” तो म्हणाला. “पण फरक काय पडतो? नोरीननं मोजणीत आमची नात धरली आहे. एक गेलं, एक आलं. आकडा मागच्या वेळचाच, त्रेसष्ट.”

“नात कधी झाली तुझी?”

“पाच तारखेला. तूच तर कार्ड पाठवलंस.”

“मग ती यात नाही.”

लाइलचा चेहरा लाल झाला. “दीड महिन्याच्या पोरीला गावातून काढतोस?”

“काढत कुठं? ती आली नव्हती अजून. पुढच्या वेळी नऊ वर्षांची असेल, तेव्हा मोज. तिला अजून सात-आठ मोजण्या मिळतील. आर्डिसला ही शेवटची, आणि ही तिची आहे.”

“हट्टाला काही मर्यादा असते, एल्डन!”

“एकावन्न वर्षं आर्डिसबरोबर काढली. मर्यादा असती तर दिसली असती.”

टेबलाच्या टोकाला कुणीतरी हसलं. लाइल हसला नाही. “मी नोरीनच्या साहेबांना फोन करीन.”

“कर. नंबर मागच्या बाजूला आहे.”

त्यानं खरंच केला. घरी येऊन मी पुढच्या खोलीत बसलो. रिकाम्या झालेल्या जागी खाटेच्या चाकांचे चार ठसे गालिच्यावर अजून होते. उद्या कुणी आलं नाही तर काउंटीच्या ऑफिसला गाडी घेऊन जायचं, आणि तिथं नाही म्हणाले तर त्यांच्याही वर, असं मी ठरवलं.

पण दुसऱ्या दिवशी नोरीन आली. या वेळी पाई नव्हती.

“तुझं बरोबर आहे,” ती दारातच म्हणाली. “दोन्ही बाबतीत. पोरीची आई माझ्यावर चिडलीय, तुझ्यावर त्याहून जास्त.”

“चिडू दे.”

“मी एकालाही प्रश्न विचारला नाही, एल्डन. कुणाच्या घरात कोण आहे ते मला माहीतच होतं. बसमध्ये बसल्याबसल्या सगळं लिहून काढलं. आर्डिसनं मला फाडून खाल्लं असतं.” तिचे डोळे भरले होते. दर गुरुवारी दोघी पत्ते खेळायच्या. “आता सगळी घरं परत करतेय. पहिलं तुझं.”

तिनं कोरा कागद काढला आणि लिहायला लागली.

“थांब,” मी म्हणालो. “आधी वाच.”

तिनं पाठ ताठ केली आणि वाचलं. “एक एप्रिल रोजी या घरात किती माणसं राहत होती?”

“दोन.”

“दुसऱ्या व्यक्तीचं नाव?”

“आर्डिस मे कोल्टरमन.”

“वय, त्या दिवशी?”

“बहात्तर.”

पेन्सिलीचं टोक मोडलं. मी आर्डिसच्या बरणीतली दुसरी दिली. तिनं लिहून पूर्ण केलं, मला वाचून दाखवलं आणि पुढच्या घरी गेली. मग मी पाईचा एक तुकडा कापला. तीन दिवसांत मला पहिल्यांदाच भूक लागली होती.

पुढच्या उन्हाळ्यात रस्ता खात्याच्या लोकांनी गावाच्या वेशीवर नवी हिरवी पाटी लावली. प्रुइट, ६३. मी रोज संध्याकाळी तिथपर्यंत चालत जातो. एकदा लाइलची सून तिथं गाडी थांबवून उभी होती. पोरीला कडेवर घेऊन पाटीबरोबर स्वतःच फोटो काढायची तिची धडपड चालली होती.

“आण, मी काढतो,” मी म्हणालो.

तिनं जरा विचार केला आणि कॅमेरा दिला. “बघ, आले ना त्रेसष्ट बरोबर? हिला धरून.”

“हिला धरून नाही.”

“एल्डन! अजून तेच?”

“अजून नऊ वर्षं तेच,” मी म्हणालो आणि बटण दाबलं.