बिस्टोचा जुना अर्थ

तीन महिने झाले तरी ताईच्या ट्रंकेचं कुलूप काही निघालं नव्हतं. मेव्हणे गेले, भाड्याचं घर सुटलं आणि मी तिला हट्टाने आमच्याकडे आणलं. चहा, औषधं, खिडकीजवळचा पलंग, काही म्हणून कमी पडू दिलं नाही. तरी चादर बदलताना बायकोला तिच्या उशीखाली वृद्धाश्रमाचा अर्ज सापडला. सगळा भरलेला, फक्त सही बाकी. मला रागच आला. माणसाने आणखी करायचं तरी काय?

मी पाट्या कोरतो. त्याच आठवड्यात एका शाळेच्या ढालीसाठी पितळी पट्टी आली. मजकूर इंग्रजी, पण मुख्याध्यापिकाबाईंना खाली मराठीही हवं. त्यातल्या "बिस्टो" (bestow) या शब्दापाशी माझं घोडं अडलं. ताईची हयात छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेली, म्हणून तिलाच विचारलं.

"प्रदान करणे, असं लिही," ती म्हणाली. "जुना अर्थ वेगळा होता हं. स्टो म्हणजे जागा. बिस्टो म्हणजे एखादी गोष्ट तिच्या जागी नीट ठेवणं. देणं हा अर्थ मागाहून आला."

"म्हणजे नुसतं हातावर ठेवलं की झालं, असं नाही?"

"नाही रे शहाण्या. जागा नको?"

ती सहज बोलली, पण मला चांगलंच झोंबलं. तिचे कपडे पिशवीत, चष्मा खिडकीत, ट्रंक पलंगाखाली. घरात तीन कपाटं आणि एकातही तिचा साधा रुमाल नाही. आम्ही तिला सगळं दिलं होतं, पाहुणीला देतात तसं.

बायकोला सांगितलं. "अगं बाई, माझ्याही डोक्यात आलं नाही," म्हणत तिने जेवणाआधीच दोन कप्पे रिकामे केले. मी दारावरची पाटी उतरवली. तिच्यावर आमची दोघांची नावं ऐसपैस बसलेली, तिसरं मावेना. मग नवीच कोरली. सगळ्यात वर ताईचं नाव.

ताईने पाटी डोळ्यांजवळ धरली.

"माझी वेलांटी चुकलीय. दीर्घ हवी," ती म्हणाली. "साठ वर्षं भाऊ आहेस ना माझा?"

आणि तरातरा जाऊन तिने ट्रंक उघडली. तळातून लाल पेन्सिल काढली. उशीखालचा अर्ज पाठकोरा होता. त्यावर मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहून माझ्यापुढे धरला.

"हे बघून कोर."

मग हातातल्या पेन्सिलीकडे बघत म्हणाली, "आणि ही आता ठेवू कुठे?"

बायकोने कपाट उघडलं.