माजिवड्याच्या विहिरीतला चुना

घरामागच्या विहिरीवरून माझ्या नवऱ्याचं आणि सासूबाईंचं भांडण मी लग्न होऊन माजिवड्यात आले तेव्हापासून ऐकतेय. नळ आल्यापासून ते पाणी कोणी पीत नाही. कमलेशला तिथे गाड्या लावायच्या आहेत, आईंना विहीर हवी आहे. मी मध्ये पडत नाही, कारण शेवटी दोघंही माझंच डोकं खातात.

यंदा मात्र कमलेशला आयतं कारण मिळालं. पावसाळ्यात विहिरीवरचा जुना उंबर पडला, आणि दिवाळीनंतर पाण्याखालचं शेवाळ पीठ चोळल्यासारखं पांढरं झालं. हाताला खरखरीत, वर लसणासारखा वास.

"केमिकल आहे हे," कमलेश म्हणाला. "कोणीतरी रात्री टँकर रिकामा केलाय. उद्या एखादं पोरगं आत उतरलं आणि काय झालं तर? मी रॅबिटचा, तोडलेल्या विटा-काँक्रीटचा डंपर सांगितलाय, सकाळी येईल. बुजवूनच टाकू."

या वेळी तो गाड्यांचा विचार करत नव्हता, खरंच घाबरला होता. आई भांडल्या नाहीत. काठावर जाऊन बसल्या आणि दुपारी जेवायलाही आल्या नाहीत. त्या भांडतात तेव्हा मला राग येतो, पण गप्प बसल्या की भीती वाटते.

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, तेव्हा निदान बघावं म्हणून साडी खोचून पायऱ्या उतरले. पांढरं काही पायरीवर नव्हतं, दगडावर नव्हतं, फक्त शेवाळावर होतं. तेसुद्धा उन्हातल्या. भिंतीच्या सावलीतलं हिरवंगार होतं. ओतलेलं केमिकल ऊन-सावली बघून बसत नाही. मूठभर शेवाळ घरात आणून मी त्यावर लिंबू पिळलं. ते फसफसलं, आणि पांढऱ्याखालून नाजूक हिरवे देठ वर आले. लसणाचा वासही त्या देठांचाच होता.

मी ओट्याला धरून उभी राहिले. हे मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवत आलेय. पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड असतो, त्याच्या जोरावर पाणी दगड विरघळवून घेऊन फिरतं. उन्हात वनस्पती तो वायू खाते, मग पाण्याला दगड पेलवत नाही आणि तो वनस्पतीच्याच अंगावर बसतो. चुनखडीच्या डोंगरात झऱ्यातलं शेवाळ असंच दगड होऊन बसतं, त्याचे फोटो मी मुलांना दाखवते. आणि इथे, माझ्या मागच्या दारी, उंबर पडला, ऊन आत गेलं आणि हे काम सुरू झालं. कोणाला न विचारता, न सांगता. मला भरून आलं.

आईंना सांगायला गेले तर त्यांनी त्या पांढऱ्याची चिमूट अंगठ्यावर चोळली, जिभेला लावली.

"अगो पोरी, यो चुन्याचा दगूड हाय. भाजला तं चुना व्हईल. माजे बापासची भट्टी व्हती बाळकुमला, खाडीचे शिंपल्यांची."

"मग भाजूया," मी म्हणाले.

रात्री कमलेश झोपल्यावर अंगणात शेगडी पेटली. फुंकणी सापडेना म्हणून मी माझा हेअर ड्रायर लावला, तर आई हसून लोळायच्या बाकी राहिल्या. कोळसे पांढरे पडेपर्यंत फुंकलं. निघालेल्या खड्यावर आईंनी पाण्याचे थेंब सोडले, तो सुस्कारला, वाफ निघाली आणि फुटून त्याचं मऊ पांढरं पीठ झालं. टोपलीभर शेवाळाचा नखभर चुना.

सकाळी डंपर दाराशी येऊन हॉर्न मारत होता तेव्हा आई काठावर बसून त्याच चुन्याचं पान चघळत होत्या.

"आई, थुंक ते," कमलेश धावत आला. "केमिकल आहे."

आईंनी जीभ दाखवली. लालभडक. मी कालचं लिंबू, ऊन, सावली, रात्रीची शेगडी सगळं त्याला सांगितलं. तो ऐकत होता, पण नजर आईंवर होती.

"या हिरीचा चिरा ना चिरा माजे बापासचे चुन्यान बसवलाय," आई म्हणाल्या. "माजे लग्नाचे वर्षी गाडी भरून धाडलेला त्यानी."

हे मला ठाऊक नव्हतं. मी भिंतीकडे पाहिलं. सांध्यांतला चुना जागोजागी झिजलेला होता. इतकी वर्षं पाणी त्याला थोडं थोडं नेत होतं.

आईंच्या ते माझ्या चेहऱ्यावरूनच लक्षात आलं. त्यांनी हळूच विचारलं, "मंग ह्यो चुना तोच काय गो?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. "सगळा नाही, आई. बराच जमिनीतला असणार. पण थोडा तोच असेल."

"थोडा बी बास झाला," त्या म्हणाल्या, आणि चुन्याच्या डबीत बुडवलेलं बोट पदराला न पुसता तसंच धरून बसल्या.

कमलेशने आयुष्यात कधी पान खाल्लं नव्हतं. तो काठावर आईशेजारी बसला आणि हात पुढे केला. आईंनी पान लावलं, चुना अगदी जपून, आणि त्याच्या तोंडात घातलं.

"शेठ, माल किधर गिराना है?" ड्रायव्हरने ओरडून विचारलं.

कमलेशचं तोंड भरलेलं होतं. त्याने नुसत्या हातानेच डंपर मागे घ्यायला सांगितलं.