तिओकाकाच्या गळ्यातलं यंत्र

सेवेरोनं पुन्हा लायटर ओढला. ठिणगी उडाली, पण ज्योत काही धरेना. समोर खाणीचा देव, मातीचा तिओकाका बसला होता: डोक्यावर शिंगं, मांडीवर कोकाची पानं, तोंडात कोरडी सिगरेट. खाणीच्या पोटात मालकी त्याची. त्याची सिगरेट पेटल्याशिवाय टोळीतलं कोणी सुरुंगाला हात लावत नसे.

"लायटरच भिकार आहे," मकारियो धापा टाकत म्हणाला. "आणि कालची ती मक्याची दारू, चिचाही. डोकं नुसतं ठणकतंय."

मकारियो सेवेरोचा जुना जोडीदार, त्याच्या पोरीचा धर्मपिता. सेवेरोला टोळीचा म्होरक्या निवडलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडला होता.

तिओकाकाच्या गळ्यात हवा तपासायचं यंत्र लटकत होतं. ते मागे सारखं किंचाळायला लागलं तेव्हा मकारियोनं तोडगा काढला होता: काकाला अर्पण करू, काय ऐकायचं ते तो ऐकेल. सेवेरोनं मान डोलावली होती. काकाला बॅटरी लागत नाही, हेही मकारियोनंच ठरवलं आणि ती आपल्या रेडिओत घातली.

"रेडिओ दे," सेवेरो म्हणाला.

"आत्ता गाणी ऐकणार?"

सेवेरोनं बॅटरी काढली आणि काकाच्या गळ्यातून यंत्र सोडवलं. मागे कुणीतरी घाईघाईनं छातीवर क्रूस काढला. काकाला दिलेली भेट परत घेणारा माणूस या डोंगरानं अजून पाहिला नव्हता.

बॅटरी बसताच यंत्र किंचाळलं.

"चिडला! काका चिडला!" मकारियो ओरडला. "घाल ते परत गळ्यात!"

"काका नाही, खराब हवा. लायटरही म्हणूनच पेटेना. काल जुनं भुयार फोडलं ना आपण, तिथून येतेय. सगळे बाहेर."

"कथिलाला एवढा भाव असताना? अरे, घोटभर दारू ओतू काकापुढे. होईल गार."

सेवेरोनं मूर्तीकडे पाहिलं. 'काकाचा हुकूम' एवढं म्हटलं असतं तरी सगळे निमूट निघाले असते. आणि दुपारी दारू ओतून निमूट परत आत आले असते.

"हुकूम कुणाचा? काकाचा की तुझा?" मकारियोनं विचारलं.

"माझा. यंत्र त्याच्या गळ्यात जाऊ दिलं तेही मीच. चला."

"म्होरकेपण मिळालं आणि ससा झाला लेकाचा!"

तेवढ्यात मकारियोचे गुडघे लटपटले. सेवेरोनं त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"चिचा," मकारियो पुटपुटला.

"चिचाच," सेवेरो म्हणाला, आणि बाकीच्यांना पुढे घालून त्याला ओढत निघाला.

बाहेर पांढरं ऊन होतं, बोचरा वारा होता. मकारियो पाणी प्यायला. त्याच्या ओठांना रंग आला, आणि रंग आल्याबरोबर त्यानं मतदान मागितलं.

"काकाची भेट चोरणारा म्होरक्या आम्हाला नको. ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा!"

मोजणी म्होरक्यानंच करायची अशी रीत होती. सेवेरो दगडावर चढला. एकेका हातावर बोट ठेवत त्यानं मोजलं, मग खात्रीसाठी उलट बाजूनं मोजलं. सकाळी आत उतरलेला एकही हात कमी नव्हता. मकारियोचा तर सगळ्यांत उंच होता.

"सगळे आहेत," सेवेरो म्हणाला, आणि मग कुठे खाली बसला.