कुंकवाची जागा
अमरेश ब्याडगीला मिरची आणायला गेला. पोती कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या दुकानात पोचली, अमरेश पोचला नाही. पोलीस झाले, पाहुणे झाले, ज्योतिषी झाले आणि वर्षं लोटली. घरात उरल्या दोघी, बायको शिवलीला आणि आई रत्नव्वा. सासूला शिवलीला माहेरच्या कानडी वळणानं अत्ती म्हणे.

रोज सकाळी लिंगपूजा झाली की अत्ती आधी स्वतःच्या कपाळभर विभूती ओढायची, मग सुनेच्या. सुनेच्या भुवयांमध्ये मात्र कुंकवापुरती जागा सोडायची आणि विचारायची, "कुंकू ठसठशीत लावलंस न्हवं?" मोतीबिंदूनं तिला माणसं धूसर दिसत, पण हा प्रश्न कधी चुकला नाही. त्या कुंकवाच्या जिवावर म्हातारीचा मुलगा जिवंत होता. शिवलीलाची आशा मात्र कधीच आटली होती. ते बोलायचं कुणाजवळ? घरात दुसरं माणूस एकच, आणि नेमकं तिच्याजवळच बोलता येत नव्हतं.

मग त्या जागेला खाज सुटली आणि काळा डाग पडला. शेजारच्या शालूबाईंना सगळ्यातलं सगळं कळतं. त्यांनी मेडिकलमधली गोरं करणारी ट्यूब सुचवली. डाग महिनाभर गेला, कातडी लाल झाली आणि ट्यूब संपताच तो पहिल्यापेक्षा काळा होऊन परत आला. शेवटी शिवलीलानं राजारामपुरीतली डॉक्टरीण गाठली.

डॉक्टरीणबाईंनी भिंग धरलं. "हा वांग न्हाय. वांग गालावर येतो, उन्हानं, बाळंतपणानं, गोळ्यांनी. पुरळ फोडून पडतात ते डाग वेगळे. तुमचं हे कुंकवातल्या रंगानं झालंय. त्यात त्या ट्यूबनं भर घातली, ती आधी फेकून द्या."

"उपाय?"

"कुंकू बंद. टिकलीपण न्हाय, तिचा डिंक बाधतो. बाहेर पडताना उन्हाचं मलम, झोपताना हे दुसरं. सावकाश जाईल, धीर धरा."

धीर धरण्यात शिवलीलाचा हात धरणारं कोल्हापुरात कुणी नव्हतं. प्रश्न अत्तीचा होता. कुंकू बंद केलं म्हणून सांगायचं म्हणजे म्हातारीच्या मुलाला आपल्या हातानं मारायचं. म्हणून तिनं सांगितलंच नाही. कुंकू थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी तसंच कपाळ पुढं केलं. अत्तीनं डोळे बारीक केले, काळ्या डागाकडं पाहिलं आणि म्हणाली, "आज बरं दिसतंय." शिवलीलाला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

मलम लागू पडलं. डाग तांबूस झाला, कडेनं विरायला लागला. दुसरी कुणी आनंदली असती. शिवलीला आरशापुढं बसून घाबरत होती, कारण आता कपाळ मोकळं दिसणार होतं. एका दुपारी तिनं मलम उचललं आणि फडताळात मागं टाकून दिलं. राहू दे डाग. त्याच्या आडोशाला निदान एक म्हातारी सुखानं वाट बघत होती.

डाग पुन्हा गडद व्हायला लागला. एका सकाळी विभूतीची बोटं कपाळावर टेकवूनच अत्ती थांबली.

"मलम का सोडलंस?"

शिवलीलानं दचकून वर पाहिलं.

"डोळं गेल्यात, बोटं न्हाय गेली. आधी विभूती लावताना बोट लाल व्हायचं. ते थांबलं, पहिल्या दिवशीच कळलं मला. मग मलमाचा तेलकटपणा लागायचा, आता त्योबी लागत न्हाय. तू आपणहून बोलशील म्हणून गप होतो. लाव परत, जाऊ दे डाग."

"आणि अत्ती, हे आले म्हंजे?"

"यायचा असता तर आला असता की," अत्ती म्हणाली. आवाज जराही हलला नाही. तिनं तीन बोटं विभूतीत बुडवली आणि सुनेच्या कपाळावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. मधली जागा तिनं सोडली नाही.

अत्ती उठून चहा ठेवायला गेली. शिवलीला तिथंच बसून राहिली. इतकी वर्षं तिला वाटायचं, आपण सोडून दिलं तरी घरात कुणीतरी त्याची वाट बघतंय. आता कुणीच बघत नव्हतं.