धुतलेल्या बरण्या

शिवणवर्गाच्या खोलीत शिरताच तिला वाटलं, आपण पाण्याखाली आलोय. खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या बत्तीस बरण्या ओळीने मांडल्या होत्या. बाहेरचं झाड हललं की त्यांतून येणारं दुपारचं ऊन छतावर, शिवणयंत्रांवर, खाली बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यांवर संथ डुलत होतं.

ती बघतच राहिली. मग तिच्या लक्षात आलं. बरण्या लख्ख धुतलेल्या होत्या.

वस्तीमागच्या खडी क्रशरची धूळ घरांत किती येते, हे विद्यापीठ आणि वस्तीतलं बायकांचं मंडळ मिळून मोजणार होते. महिनाभर घरोघरी खिडकीत बरण्या उघड्या ठेवायच्या, साठेल त्या धुळीचं वजन करायचं. विद्यापीठाकडून हे काम नुकत्याच संशोधनाला लागलेल्या तिच्याकडे होतं. पुढची दोन वर्षं मंडळ सोबत राहणार की नाही, ते आज ठरायचं होतं. मंडळ नाही म्हणालं, की अभ्यास संपला.

"दोनदा घासल्यात," शिवण शिकवणाऱ्या मावशी म्हणाल्या. मंडळाच्या अध्यक्ष त्याच. "दुसऱ्याची वस्तू मळकी परत करायची नाही, असं सगळ्यांना बजावलं होतं."

"मी तर रोज पुसत होते," घाईबाई म्हणाली. ती कायम घाईत, म्हणून तिला सगळ्या याच नावाने हाक मारत.

"तू? फरशीला तुझं फडकं आठवड्याने दिसतं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

'छान' म्हणून बरण्या पिशवीत भरता आल्या असत्या. दोन वर्षांच्या करारावर मंडळाची सहीही झाली असती. पण ती खाली बसली.

"मावशी, मला ती घाणच हवी होती."

हसू विरलं. मावशींचा चेहरा उतरला. "म्हणजे महिना वाया गेला?"

"हो. पण चूक माझी आहे." तिने करार काढला. धूळ कशी जपायची, ते नवव्या पानावर होतं. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होतं: साहित्य सुस्थितीत परत करावे. ते वाक्य तिनेच लिहिलं होतं. "तुम्ही यात लिहिलंय तसंच केलंत."

"नको बाई, आम्हाला नाही जमायचं हे," मावशी हळूच म्हणाल्या. "उद्या परत काहीतरी चुकायचं, आणि तू बोलणी खायचीस."

तिने वही उघडली. "निदान धुताना काय दिसलं, तेवढं सांगाल?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"खिडकीतल्या बरणीत फारसं काही नव्हतंच," एकीने सुरुवात केली. "माझी खाली गादीजवळ राहिली होती. तिच्या तळाला बोटाने नाव लिहिता आलं."

"मऊ होती," दुसरी म्हणाली. "चाळलेल्या पिठासारखी."

घाईबाई आता अजिबात घाईत नव्हती. "आमचे हे दुपारचे झोपतात. दाराच्या फटीतून उन्हाची पट्टी येते. तिच्यातून धूळ चालत येते, पाहुण्यासारखी, हळूहळू, पार उशीपर्यंत. ह्यांनी श्वास आत घेतला की पुढे येते, सोडला की मागे सरते. मी बघत बसते."

ती वही उघडी टाकून ऐकत होती. तिला ती फट दिसत होती, ती पट्टी, ते झोपलेलं तोंड. मग भानावर येऊन ती भराभर लिहू लागली.

"बरण्या खिडकीत ठेवायचं कुणी ठरवलं?" मावशींनी विचारलं.

"मी."

"आणि आम्हाला विचारलंस?"

"नाही विचारलं."

मावशींनी करार उलटा केला. कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने त्या सावकाश लिहीत गेल्या: बरण्या उशाशी. कुठल्या घरी, ते मंडळ सांगेल. धुवायच्या नाहीत. आकडे आले की आधी या खोलीत वाचून दाखवायचे.

खाली त्यांनी एक रेघ ओढली आणि कागद तिच्यासमोर सरकवला.

"आधी तू कर सही," त्या म्हणाल्या. "आता अटी आमच्या आहेत."